आवणीच्या तोंडावर ट्रॅक्टर सेल्फ घेईना? नवी बॅटरी आणण्याआधी ‘जोड’ तपासा

त्र्यंबकेश्वर : ब्रह्मगिरी चार दिवसांपासून ढगात आहे. आवणात पाणी साचलंय, रोप तयार आहे, आवणीला माणसं सांगून ठेवली आहेत. आणि सकाळी चिखलणीला निघायचं म्हणून मिनी ट्रॅक्टरची चावी फिरवावी, तर आवाज येतो नुसता ‘टिक’. हरसूल, वाघेरा, ठाणापाडा, देवगाव, अंबोली या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना हा प्रसंग काही नवा नाही.

पुढचंही ठरलेलं असतं. कुणीतरी येतं, हेडलाइट लावून बघतं आणि सांगतं, “दादा, बॅटरी गेली, नवीन टाका.” मग नाशिकची फेरी, चार-सहा हजारांची बॅटरी आणि एक दिवस वाया. नवी बॅटरी बसवली की गाडी चालूही होते. पण आठ-पंधरा दिवसांत पुन्हा तोच ‘टिक’. कारण अनेकदा जुनी बॅटरी खराब नसतेच. खराब असतो तिच्या आणि सेल्फच्या मधला एखादा जोड.

भाताचं रोप २१ ते २५ दिवसांचं झालं की आवणी व्हायला हवी. त्यापुढे रोप जून होतं, फुटवे कमी धरतं. म्हणून या दिवसांत ट्रॅक्टर दोन दिवस बंद पडला तर त्याचा हिशोब फक्त गॅरेजच्या बिलात होत नाही. बिघाड नेमका कुठे आहे हे घरच्या घरी कसं शोधायचं, ते टप्प्याटप्प्याने पाहू. इथे १५ ते २५ एचपीचा डिझेल मिनी ट्रॅक्टर समोर धरला आहे, पण १२ व्होल्टची बॅटरी असलेल्या कोणत्याही गाडीला, अगदी पर्यटनस्थळी फिरवतात त्या चार चाकी एटीव्हीलाही, हीच रीत लागू पडते.

लाइट लागते म्हणजे सगळं ठीक, असं नाही

सगळा घोळ इथेच होतो. “लाइट तर लख्ख लागते, मग सेल्फ का फिरत नाही?” उत्तर साध्या हिशोबात आहे.

५५ वॅटचा एक हेडलाइट बॅटरीतून साधारण साडेचार अँपिअर करंट घेतो. सेल्फ मात्र फिरताना दीडशे अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. आता समजा, अर्थिंगच्या वायरचा जोड गंजलाय आणि तिथे ०.०१ ओहम एवढाच अडथळा तयार झालाय. हेडलाइटच्या साडेचार अँपिअरला त्या जोडावर ०.०४५ व्होल्ट वाया जातात. लाइटला काहीच फरक पडत नाही. पण सेल्फच्या १५० अँपिअरला त्याच जोडावर दीड व्होल्ट खर्च होतात. अडथळा आणखी थोडा वाढला की सेल्फपर्यंत ताकद पोचतच नाही.

पाण्याच्या पाइपसारखंच आहे हे. पाइपात कचरा अडकला तरी तांब्या भरायला पाणी येतं, पण मोटर लावून शेत भिजवायला गेलो की धार पडत नाही. विहीर भरलेली असते, वाट अडलेली असते.

आपल्याकडे ही वाट अडायला पावसाळा पुरेसा आहे. चिखलणीत चाकांनी उडवलेला गाळ सेल्फवर आणि अर्थिंगच्या बोल्टवर बसतो, वाळतो, पुन्हा भिजतो. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-निळसर बुरशी चढते. वायरचं टोक वरून चांगलं दिसतं, पण इन्सुलेशनच्या आत तांबं हिरवं पडलेलं असतं.

लागणारी हत्यारं

फार काही नको. १० ते १७ नंबरचे पाने, पॉलिश पेपर, जुना टूथब्रश, खाण्याचा सोडा, व्हॅसलीन किंवा ग्रीस, आणि एक डिजिटल मल्टिमीटर. साधा मल्टिमीटर तीन-चारशे रुपयांत इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो. त्याचा खटका डीसी २० व्होल्टवर ठेवायचा. इथली जवळपास सगळी मापं त्याच जागेवर घेता येतात.

कामाला लागण्याआधी गाडी सपाट जागी, गिअर न्यूट्रलमध्ये, पीटीओ बंद, हँडब्रेक लावलेला. बॅटरीजवळ विडी-काडी नको. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि तो ठिणगीने पेटतो.

आधी लक्षण नीट ऐका

चावी फिरवल्यावर काय होतं, यावरून अर्धं निदान होतं.

- काहीच होत नाही, मीटरवरचे दिवेही लागत नाहीत : बॅटरीचं टर्मिनल सुटलंय, मेन फ्यूज उडालाय किंवा चावीचा स्विच गेलाय.
- मीटरवरचे दिवे लागतात, पण सेल्फचा आवाजच नाही : सेफ्टी स्विच, सेल्फचा रिले किंवा सोलेनॉइडकडे जाणारी बारीक वायर तपासा.
- टिक-टिक-टिक असा भराभर आवाज : बॅटरी उतरलीय किंवा जाड वायरचा जोड सैल आहे.
- एकदाच जोरात ‘खट्ट’ : सोलेनॉइडचे पॉइंट जळालेत, सेल्फचे कार्बन झिजलेत किंवा जाड वायरमध्ये अडथळा आहे.
- सेल्फ जोमाने फिरतो, पण इंजिन घेत नाही : बॅटरीला दोष देऊ नका. डिझेल, लाइनमधली हवा, फिल्टर किंवा पंपावरचा स्टॉप सोलेनॉइड बघा. थंडीच्या दिवसांत, ज्या मॉडेलला हीटर म्हणजे ग्लो प्लग आहेत, तेही तपासा.
- एक इंडिकेटर लावला की दुसराच दिवा मिणमिणतो : जवळजवळ नक्की अर्थिंगचा दोष.

पहिलं माप : उभ्या गाडीची बॅटरी

गाडी रात्रभर उभी असेल तेव्हा सकाळी, चावी न लावता, मल्टिमीटरची लाल सळई बॅटरीच्या प्लसवर आणि काळी मायनसवर टेकवा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीसाठी आकडे असे वाचायचे :

१२.६ किंवा वर : पूर्ण चार्ज.
१२.४ च्या आसपास : पाऊण.
१२.२ : निम्मी.
१२.० : पाव. चार्जिंगला लावा.
१०.५ च्या आसपास : सहापैकी एक सेल बसला असण्याची शक्यता मोठी.

बॅटरीला पाण्याची झाकणं असतील तर प्रत्येक सेलमधलं पाणी प्लेटांच्या वर आहे का बघा. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचं, बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार प्लेटा खराब करतात. वरून ॲसिडही घालू नका. उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच असतं.

दुसरं माप : सेल्फ मारताना

आता एकाला सीटवर बसवा. ज्या ट्रॅक्टरला इंजिन बंद करायचा स्टॉप आहे, तो ओढून धरायला सांगा, म्हणजे इंजिन चालू न होता नुसता सेल्फ फिरेल. मल्टिमीटर बॅटरीवरच ठेवा आणि चावी मारायला सांगा. पाच-सात सेकंद पुरेत. सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि दोन वेळांमध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फच जळेल.

इथे तीन शक्यता आहेत, आणि हाच सगळ्या तपासणीचा गाभा आहे.

एक, आकडा ९.६ च्या खाली कोसळतो. म्हणजे करंट ओढला जातोय, पण बॅटरी तो देऊ शकत नाही. बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा मोजा. चार्ज करूनही आकडा कोसळत असेल तर बॅटरी खरंच गेली, किंवा सेल्फ जाम होऊन भलताच करंट ओढतोय.

दोन, आकडा ११ च्या आसपास राहतो, तरी सेल्फ मरगळल्यासारखा फिरतो. म्हणजे बॅटरीत दम आहे, पण तो सेल्फपर्यंत जात नाही. दोष जोडात किंवा सेल्फच्या आत आहे.

तीन, आकडा १२.५ वरून हलतच नाही आणि सेल्फही गप्प. म्हणजे करंट सुटलाच नाही. वाट कुठेतरी पूर्ण तुटलीय. सेफ्टी स्विच, रिले, फ्यूज, चावी यांच्याकडे वळा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात नवी बॅटरी आणून काहीही उपयोग नाही.

तिसरं माप : जोड किती खातो?

ही युक्ती शिकून घेतली तर बरीच धावपळ वाचेल. मल्टिमीटरची काळी सळई बॅटरीच्या मायनस खुंटीवर ठेवा. वायरच्या क्लॅम्पवर नाही, मधल्या शिशाच्या खुंटीवरच. लाल सळई इंजिनच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या स्वच्छ लोखंडावर दाबून धरा. आता सेल्फ मारायला सांगा.

आकडा ०.२ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग चांगलं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला, तर तेवढी ताकद अर्थिंगची वाट खाऊन टाकतेय. बॅटरी ते चासी, चासी ते इंजिन असे सगळे अर्थिंगचे बोल्ट खोलून घासा.

प्लसच्या बाजूलाही तसंच. लाल सळई बॅटरीच्या प्लस खुंटीवर, काळी सळई सेल्फवरच्या जाड वायरच्या बोल्टवर. सेल्फ मारताना इथेही अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त यायला नको. हात आणि सळईची वायर फॅनच्या पट्ट्यापासून दूर ठेवा.

जोड साफ करताना आधी मायनस काढायचा, मग प्लस. बसवताना उलट : आधी प्लस, शेवटी मायनस. असं का? प्लस सोडवताना पाना चासीला टेकला आणि मायनस जोडलेलाच असेल, तर मोठी ठिणगी पडते. मायनस आधीच काढलेला असेल तर पाना टेकला तरी काही होत नाही. बुरशीवर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून टाका, ब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा, कोरडं करा. सोड्याचं पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका. खुंटी आणि क्लॅम्प पॉलिश पेपरने चकचकीत करा, आवळा, आणि मग वरून व्हॅसलीन लावा. क्लॅम्प हाताने हलला तर तो सैलच समजा.

सेफ्टी स्विच : छोटा भाग, मोठी डोकेदुखी

बहुतेक मिनी ट्रॅक्टरला क्लच पेडलजवळ, गिअरजवळ किंवा पीटीओच्या लिव्हरजवळ एक छोटा स्विच असतो. क्लच दाबलेला नसेल, गाडी गिअरमध्ये असेल किंवा पीटीओ चालू असेल तर तो सेल्फला करंट जाऊ देत नाही. चिखलणीनंतर क्लचजवळच्या या स्विचमध्ये गाळ जातो आणि तो अडकतो. मग सगळं व्यवस्थित असूनही गाडी गप्प.

आधी क्लच पूर्ण दाबून, पीटीओचा लिव्हर दोन-तीनदा मागे-पुढे करून बघा. स्विचचं सॉकेट काढून कोरड्या फडक्याने पुसा, स्विचची दांडी मोकळी हलते का पाहा. तरी होत नसेल, तर सोलेनॉइडकडे जाणाऱ्या बारीक वायरवर मल्टिमीटर लावा. चावी मारल्यावर तिथे १२ व्होल्टच्या आसपास येत असतील, तर दोष सोलेनॉइड किंवा सेल्फमध्ये. येत नसतील, तर अलीकडे : स्विच, रिले किंवा चावी.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. अडलेला माणूस सेफ्टी स्विचच्या दोन वायरी जोडून तो कायमचा बाद करतो, किंवा खाली उभं राहून सेल्फच्या दोन बोल्टांवर पाना टेकवून गाडी चालू करतो. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर इंजिन चालू होताच ट्रॅक्टर पुढे उडी घेतो, आणि पाना धरणारा माणूस नेमका चाकापुढे असतो. ट्रॅक्टरखाली सापडण्याच्या अपघातांचं हे जुनं, जगभर ओळखीचं कारण आहे. स्विच नवा मिळतो. चाकाखाली गेलेलं माणूस परत येत नाही.

गाडी चालू झाली. आता चार्जिंग होतंय का?

धक्का मारून किंवा दुसऱ्या बॅटरीच्या आधाराने गाडी चालू केली की काम संपलं, असं नाही. चावी चालू केल्यावर मीटरवर बॅटरीचा लाल दिवा लागायला हवा आणि इंजिन चालू झाल्यावर तो विझायला हवा. चावीवरही दिवा लागतच नसेल, तर बल्ब किंवा त्याची वायर गेलीय.

इंजिन मध्यम रेसवर ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १३.८ ते १४.५ दरम्यान आकडा आला तर चार्जिंग उत्तम. १२.५ वर अडकला तर अल्टरनेटर, ज्याला आपण डायनामो म्हणतो, चार्ज करत नाही. आधी पट्टा बघा. ओला, तेलकट किंवा सैल पट्टा घसरतो. मग अल्टरनेटरच्या मागचं सॉकेट. आकडा १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर, म्हणजे कटआऊट, गेलाय. तो बॅटरीचं पाणी उकळून उडवेल आणि बल्बही घालवेल.

चार्जिंग तपासायला चालू गाडीतून बॅटरीचा वायर काढून बघायची सवय अनेकांना आहे. ती मोडा. तसं केल्याने व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड किंवा रेग्युलेटर जळू शकतो.

रोज सकाळी बॅटरी उतरलेली?

चार्जिंग बरोबर आहे, तरी दोन दिवस उभी राहिली की गाडी डाऊन होते. तर करंट कुठेतरी झिरपतोय. चावी बंद करा, बॅटरीचा मायनस काढा आणि काढलेली वायर व खुंटी यांच्यामध्ये एक १२ व्होल्टचा छोटा बल्ब जोडा. बल्ब पेटला, तर काहीतरी चालू राहिलंय. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला बल्ब विझेल, त्याच लाइनवर दोष. कोणताच फ्यूज काढून विझला नाही, तर अल्टरनेटर आणि नंतर थेट बॅटरीवरून घेतलेल्या वायरी बघा. बहुतेकदा चोर सापडतो तो नंतर जोडलेला टेप, जादा एलईडी लाइट किंवा मोबाइल चार्जर. झापात उभ्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदीर कुरतडतात, तेही विसरू नका.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर तो आपलं काम करतोय. त्याच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावू नका. फ्यूज वाचेल, वायरिंग पेटेल. वायर कुठे घासली जाते ते शोधा : स्टिअरिंगखाली, बॉनेटच्या बिजागरीजवळ, ट्रॉलीच्या सॉकेटमध्ये.

एटीव्ही असेल तर

पेट्रोल एटीव्हीची बॅटरी लहान आणि बहुधा सीलबंद असते. त्यात पाणी घालायचं नसतं. तपासणीचा क्रम तोच. फक्त तीन गोष्टी जादा. हँडलवरचा लाल ‘किल’ स्विच आधी बघा, तो चुकून दाबलेला असतो. सेल्फ फिरूनही इंजिन घेत नसेल तर स्पार्क प्लगची टोपी ओली झालीय का पाहा. आणि चार्जिंग नसेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायरचं सॉकेट. चिखलाच्या रस्त्यावर तिथे पाणी शिरतं.

पावसाआधीचा एक तास

रोहिणीत पेरणीची तयारी करतो तशी ट्रॅक्टरचीही एक तास तयारी करा. सगळे अर्थिंग बोल्ट खोलून घासा. टर्मिनल साफ करून व्हॅसलीन लावा. नुसत्या टेपने गुंडाळलेले वायरचे जोड नीट सोल्डर करून घ्या. ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर बॅटरीचा मायनस काढून ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. गाडी धुताना पाण्याचा जोराचा फवारा अल्टरनेटर, सेल्फ आणि फ्यूज बॉक्सवर मारू नका. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी सोडवा.

दुसऱ्या बॅटरीवरून चालू करताना दोन्ही बॅटरी १२ व्होल्टच्याच आहेत ना, ते बघा. प्लसला प्लस जोडा. चांगल्या बॅटरीचा मायनस बंद गाडीच्या बॅटरीला न जोडता इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब जोडा. ठिणगी पडलीच तर ती वायूपासून दूर पडेल.

आणि एवढं करूनही गाडी चालू झाली नाही, तर मेकॅनिकला जरूर बोलवा. सेल्फ किंवा अल्टरनेटर खोलणं त्याचंच काम. पण फोनवर नुसतं “गाडी बंद पडली” असं सांगू नका. असं सांगा : “उभ्या गाडीला साडेबारा व्होल्ट आहे, सेल्फ मारताना अकरा राहतो, अर्थिंगला पॉइंट एक, प्लसला पॉइंट दोन, आणि आवाज एकच खट्ट.” एवढ्यावरून त्याला कळेल की बॅटरी आणि वायरी ठीक आहेत, दोष सेल्फमध्ये आहे. तो कार्बन आणि सोलेनॉइड सोबत घेऊनच निघेल. अर्धा घाट चढून, गाडी बघून, सामान आणायला पुन्हा नाशिकला जाण्याची त्याची फेरी वाचेल, आणि तुमच्या आवणीचा एक दिवसही.